मामाच्या उंचीचा आरसा

गंगाधरमामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ओली चादर हातात घेऊन अंगणात उभी होते. फोन शेजारच्यांकडे आला होता. पळत गेले, रिसीव्हर कानाला लावला, आणि पेडगावच्या पोस्टातून मामेभाऊ म्हणाला, "आक्का, दादा गेले. पहाटंच..." शेजारच्या वहिनींनी खुर्ची पुढं सरकवली, पाणी आणलं. पाणी घेतलं, पण बसायचं काही झालं नाही. आज महिना उलटून गेला तरी मला धड एका जागी बसवत नाही. वह्या तपासायला घेते नि थोड्याच वेळात खिडकीशी जाऊन उभी राहते. भाजी निवडता निवडता उठते आणि कशाला उठले ते विसरते. घरातले म्हणतात, मामाच्या अंगातलं वारं तुझ्यात शिरलंय. शिरलं असेल. हा लेखही उठत-बसतच लिहिते आहे, तेव्हा कुठं मागचं-पुढं झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

निरोप आला त्या दिवसांत मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार नुकताच झाला होता. नांदेडात चौकाचौकात बंदोबस्त, एसटीचा भरवसा नाही, म्हणून आम्ही नवरा-बायकोनं पॅसेंजर धरली. ती पिंगळीच्या अलीकडं सिग्नलला थांबली ती थांबलीच. हे म्हणत होते, बस जरा, गाडी काही तुझ्या उभं राहण्यानं सुटणार नाही. मी दारातच राहिले. बाहेर करडईची रानं काट्याला आलेली, वारा अजिबात नाही, आणि मला लहानपणची याच मार्गावरची गाडी आठवत होती. तेव्हा गाडी अशी थांबली की मामा सरळ खाली उतरायचा. रुळांच्या कडेनं इंजिनापर्यंत चक्कर मारून यायचा, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलायचा, शिट्टी झाली की चालत्या गाडीत चढायचा. आईचा जीव टांगणीला लागायचा. हा हसायचा. आता त्याच मामाला पोचवायला निघाले होते आणि गाडी हलत नव्हती.

मामा बसत नसे, हीच त्याची ओळख. जेवणसुद्धा ओसरीत उभ्यानं, हातात ताटली घेऊन. परभणीच्या बाजाराला आला की आमच्याकडे चहाला यायचा, तोही दाराच्या चौकटीत उभा राहून प्यायचा. आई म्हणायची, अरे बूड टेकव की, घर तुझं खाऊन टाकणार नाही. उंच, सडसडीत, कपाळ दाराच्या वरच्या चौकटीला लागेल असा. मी त्याच्या कमरेएवढी असल्यापासून त्यानं एक गोष्ट मला इतक्यांदा सांगितली होती की माझी पाठ झाली होती. माझ्या लग्नात तो मला उचलून बोहल्यावर आणणार, आणि मंगलाष्टकं होईस्तोवर माझ्या मागं उभा राहणार. आपल्याकडं मुलीच्या मागं मामा उभा राहतो, त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. माझ्या आईला पाठचा भाऊ एकच. म्हणजे मागं उभं राहायला मामाही एकच.

ज्या पावसाळ्यात नामांतरावरून मराठवाडा पेटला, त्या पावसाळ्यातली गोष्ट. उघडीप बघून मामा शेतातल्या गंजीचा कडबा गाडीत भरून घराकडं आणत होता. दुसरा कुणी असता तर कडब्यावर पालथा पडून आला असता. मामा वर उभा. चाकोरीत पाणी साठून खड्डा झालेला दिसला नाही, चाक खाली गेलं, आणि मामा पाठीवर दगडावर आला. रस्ते बंद, गाड्या बंद. मोठ्या दवाखान्यात पोचायला फार उशीर झाला. त्या उशिरावर आमच्या घरात पुढं वर्षानुवर्षं बोललं गेलं, की वेळेवर पोचलो असतो तर, की अमक्यानं जीप दिली असती तर. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं की मणका मोडून आतली नस चिरडली ती पडला त्याच क्षणी. मामाला ते पटलं होतं. रस्त्याचं कुणी काढलं की तो चिडायचा, "लोकांची घरं जळाली त्या टायमाला, आन् तुमी माझ्या जिपीचं घेऊन बसलाव." बेंबीच्या खाली त्याला काही कळेनासं झालं होतं. चिमटा काढा, सुई टोचा, गरम पाणी ओता, पाय दुसऱ्याचेच.

पुढची वर्षं आठवली की मला अजून घुसमटल्यासारखं होतं. ओसरीतली बाज, पाठीवरच्या जखमा, मामीचं रात्रंदिवस कुशीवर वळवणं. आणि त्या बाजेवर तो न बसणारा माणूस. पाय गेले पण पायातली घाई गेली नव्हती. ती हातांत आली. सुंभ वळायचा, उकलायचा, परत वळायचा. घरातल्या प्रत्येकाला पळवायचा. बैल सोडले का, मोटारीचं पाणी कुठवर गेलं, पेठेतून खत आलं का, बघून ये, परत बघून ये. मी सुट्टीत गेले की बाजेजवळ उभी राहून त्याच्याशी बोलायची. एकदा म्हणाला, "खाली बस माय. सगळ्या दुनियेच्या नाकपुड्या बघू बघू कटाळलो मी." मी हसले, तोही हसला. मग त्यानं तोंड भिंतीकडं केलं. तेव्हापासून मी त्याच्याजवळ गेले की आधी जमिनीवर बसायची.

शैलाताई आमच्या आयुष्यात आल्या त्या मामाच्या खांद्यामुळं. हातांवर अंग ओढून ओढून त्याचा खांदा धरला होता. शैलाताईंचे यजमान सरकारी नोकरीत बदलून परभणीला आलेले, आणि यांनी स्टेशन रोडला दोन खोल्यांत फिजिओथेरपीचा दवाखाना थाटला होता. गाव त्यांना 'करंटवाल्या बाई' म्हणायचं, कारण पोलिओच्या लेकरांना आणि तोंड वाकडं झालेल्यांना त्या पेटीतून बारीक करंट द्यायच्या. खांदा बघता बघता त्यांचा हात मामाच्या मांडीवर पडला आणि मांडी उडाली. त्यांनी परत थापटलं, परत उडाली. मामी संकोचून पदर दातात धरून उभी. परक्या बाईनं आपल्या नवऱ्याच्या मांडीला हात लावावा हे तिला काही रुचलं नव्हतं, आणि मामा तर छताकडं बघत होता.

शैलाताईंनी आम्हाला समजावलं ते मला अजून त्यांच्याच शब्दांत आठवतं. गावाकडं येणारी तार तुटली आहे, पण गावातली घरं शाबूत आहेत. डोक्याचा निरोप पायांपर्यंत पोचत नाही, पण निरोप मिळाला तर पाय अजून काम करतील. तो निरोप आपण बाहेरून करंटनं देऊन बघू. परदेशात असं करून माणसं उभी केल्याचं त्यांनी वाचलं होतं, स्वतः कधी केलेलं नव्हतं. आणि लगेच बोट वर करून म्हणाल्या, "हे बरं होणं नाही हं. करंट आहे तोवर पाय उभे. करंट बंद केला की पाय गेले. हे ज्याला पटत असेल त्यानंच यायचं." मामानं विचारलं, उभं ऱ्हाता येईल का तेवढं सांगा. त्या म्हणाल्या, बघू. मामाला तेवढं पुरे झालं.

मामाचं बिऱ्हाड मग आमच्या परभणीच्या घरी हललं. मी तेव्हा बी.एड. करत होते, कॉलेज सुटलं की मी दवाखान्यात. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडी पट्ट्या दोन्ही मांड्यांवर बांधायच्या, तारा पेटीला जोडायच्या, बटण हळूहळू फिरवायचं. मांडी टणक व्हायची, गुडघा सरळ व्हायचा, पाय हवेत तरंगायचा. सुरुवातीला दमून लगेच पडायचा. कितीतरी महिने नुसतं तेच. मग एके दिवशी शैलाताईंनी त्याला दोन लोखंडी दांड्यांमध्ये उभं केलं. समोर भिंतीला उभा आरसा, कारण पायांचं काही कळत नसेल तर गुडघे सरळ आहेत का वाकले हे डोळ्यांनीच बघावं लागतं. शैलाताई ओरडत होत्या, गुडघ्यांकडे बघा, गुडघ्यांकडे. मामा गुडघ्यांकडं बघतच नव्हता. तो आरशात स्वतःच्या तोंडाकडं बघत होता. "उंची हाय की अजून," म्हणाला. मी त्या दिवशी दवाखान्याबाहेर येऊन रडले. आनंदानंच, पण आत कुठंतरी भीतीही होती, कारण माझं लग्न ठरत आलं होतं आणि मामाच्या मनात काय चाललंय ते मला न सांगता कळत होतं.

घोळ झाला तो मामा आपल्या गावी, पेडगावला परतल्यावर. मामानं घरी अंगणात पाण्याच्या मोटारीचे जुने पाइप रोवून दांड्या करवून घेतल्या, ओसरीच्या भिंतीला आरसा लावला, आणि शैलाताईंनी विश्वासानं सेलवर चालणारी छोटी पेटी दिली. पहिल्याच दिवशी शेजारणीनं मामाचा पाय वर गेलेला पाहिला. झालं. गंगाधरचे पाय आले, असं गावभर झालं. मारुतीला नारळ फुटले. भावकी बघायला लोटली, आणि प्रत्येकाचं एकच, चालून दाखव. मामी भोळी, तिला वाटायचं करंट म्हणजे औषधच आहे, पोटात साठत जाईल नि एक दिवस पाय आपसूक चालायला लागतील. पट्ट्या भिजवायचं काम तिचं. शैलाताईंनी सांगितलं होतं चिमूटभर मीठ. मामीला वाटलं, चिमटीनं काय होतंय, वरणालासुद्धा पुरत नाही. तिनं लोणच्याला घालतात तसं मूठ मूठ घातलं. इकडं मामाला घाई, सांगितलेल्या जागेच्या पुढं बटण फिरवलेलं, दिवसातून पुन्हा पुन्हा. कातडीला कळत नाही, त्यामुळं चटका बसला तेही कळलं नाही. दोन्ही मांड्यांवर टरटरून फोड आले.

शैलाताई स्वतः पेडगावला आल्या. जखमा बघितल्या, मामीला एक शब्द बोलल्या नाहीत, मामाला मात्र धारेवर धरलं. पेटी पिशवीत घातली नि निघाल्या. जखम भरल्याशिवाय पेटीला हात नाही, म्हणाल्या. आणि लग्न तर वैशाखात ठरलेलं. त्या दिवसांत घरात जो तो मार्ग सुचवत होता. आईचा चुलतभाऊ उभा राहील, तोही मामाच की. बाबा म्हणाले, गंगाधरराव खुर्चीत बसतील मागं, कोण काय म्हणणार आहे. मामा बाजेवर पडून ऐकत होता. सुंभ वळणारे हात थांबले. "दाजी, मामा मागं उभा ऱ्हातो. बसत न्हाई," एवढंच बोलला. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाला की त्याला उभं राहता आलं नाही तर आईच्या चुलतभावाला उभं करा, पण मग त्याला स्वतःला मांडवात आणू नका, तो घरी थांबेल. मला लग्नच नको वाटायला लागलं. मामाशिवाय मी बोहल्यावर चढणार नव्हते आणि ते कुणाला सांगायची सोयही नव्हती.

फोड वाळले. कातडी यायला वेळ लागला. लग्नाच्या आधी थोडेच दिवस उरले तेव्हा शैलाताईंनी परत पट्ट्या बांधल्या, मिठाचं पाणी स्वतः केलं. इतके दिवस आराम पडल्यानं मांड्या ढिल्या झाल्या होत्या. किती वेळ उभं राहता येतं ते बघायला त्यांना घड्याळाचा उपयोग वाटेना, म्हणून मी दवाखान्यात मंगलाष्टकंच म्हणायची. बाहेर पोलिओच्या लेकरांच्या आया कान देऊन ऐकायच्या, की आत कुणाचं लग्न लागलंय. पहिलं म्हणून होईपर्यंत गुडघे ताठ, दुसऱ्याला ठीक, तिसऱ्याच्या शेवटी थरथर. चौथं कधी जमलं नाही. तीन अष्टकं, असं ठरलं. भटजींना सांगितलं, त्यांनी मान डोलावली. मुलाकडच्यांनाही बाबा सांगून आले. सगळे हो म्हणाले. लग्नात सगळेच सगळ्याला हो म्हणतात.

लग्नाच्या दिवशी मामाला मांडवाच्या खांबाला टेकवून उभं केलं होतं. कमरेला शेला, शेला खांबाला बांधलेला. नव्या धोतराच्या आत पट्ट्या, तारा मागून निघून खांबाआड पाटावर बसलेल्या शैलाताईंच्या मांडीवरच्या पेटीत गेलेल्या. करंटवाल्या बाई पैठणी नेसून आल्या होत्या. मला उचलून आणणं काही शक्य नव्हतं, मीच चालत गेले आणि त्याच्या पुढं उभी राहिले. "मुलीचे मामा उभे आहेत," असं भटजींनी माईकवरून सांगितलं, का कोण जाणे, तसं सांगायची रीत नाही. त्याचे हात माझ्या दोन्ही खांद्यांवर आले. हलके होते.

पहिलं अष्टक. दुसरं. तिसरं. सावधान म्हणून लोकांनी अक्षता टाकल्या, वाजंत्री सरसावले, आणि मुलाची बोरीची आत्या माईकपाशी आली. हिनं खास या लग्नासाठी स्वतः अष्टक रचलं होतं. त्यात मुलाचे आजोबा होते, पणजोबा होते, काका, काकू, गावचा महादेव, सगळे एकेका ओळीत. आता आत्याबाईंच्या हातातून माईक कोण घेणार? भटजी खाली बघायला लागले. माझ्या खांद्यावरचे हात आधी थरथरले. मग जड झाले. मागून शैलाताईंचा आवाज आला, "आता यापुढं वाढवता येत नाही..." आणि मामाचे गुडघे गेले. शेला वर सरकला, आणि त्याचं सगळं अंग माझ्या खांद्यांवर आलं. मी पाय रोवले. खालचा ओठ दातात धरला. आत्याबाई पणजोबांवर होत्या. मला त्या म्हाताऱ्या पणजोबांचा इतका राग कधी आला नव्हता.

कधीतरी ते संपलं. अंतरपाट दूर झाला. आता हार घालायचा, तर मला हात वर करता येईनात. हात उचलले असते तर मामा खाली गेला असता. समोर नवरा हार घेऊन उभा, नि मी पुतळ्यासारखी. त्यानं काय ओळखलं कोण जाणे, पण मान पुढं केली, अगदी खाली, माझ्या हातांपर्यंत. मांडवात हशा पिकला. नवरदेव पहिल्याच दिवशी वाकला म्हणून यांना आजतागायत ऐकावं लागतं, आणि यांनी त्याचं खरं कारण कधी कुणाला सांगितलं नाही. वाजंत्रीच्या गदारोळात बाबांनी नि काकांनी मामाला अलगद खुर्चीत घेतलं. मामाला धरलं, एवढंच लोकांनी पाहिलं. मामा उभा होता असंच गावाच्या लक्षात आहे.

पाठवणीच्या आधी मी त्याच्याजवळ गेले. सवयीनं खाली बसले. त्याचा चेहरा घामानं थबथबलेला. मला वाटलं, शेवटी गुडघे गेले म्हणून तो खट्टू असेल. खट्टू नव्हता. म्हणाला, "पायाला तर काई कळत न्हवतं माय. मी उभा हाव का पडलो, ध्यानातच येईना. मग खाली बगितलं तर तुझा भांग दिसला. वरून. तवा कळलं उभा हाव." मी त्याच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. त्याला ते कळणार नव्हतं हे माहीत असून टेकलं.

त्यानंतरही तो अंगणातल्या दांड्यांमध्ये उभा राहायचा, पण पहिल्यासारखा हट्टानं नाही. काही वर्षांनी शैलाताईंच्या यजमानांची बदली झाली, पेटी त्यांच्याबरोबर गेली, आणि मामी पाइपांवर धुणं वाळत घालायला लागली. आरसा मात्र त्यानं हलवू दिला नाही. तो त्याच्या उभ्या उंचीला ठोकलेला, वरच्या बाजूनं पुढं झुकलेला. त्यात ना मामाला बाजेवरून काही दिसायचं, ना बुटक्या मामीला कुंकू लावता यायचं. ती कटकट करायची, खाली घ्या की जरासीक. तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. माझ्या उंचीला हाय त्यो." पुढं मूत्रपिंडं थकत गेली. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा हातही सुंभाला लागत नव्हते, आणि ते बघून मला धास्ती वाटली होती.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं. बाज उचलून गोठ्यात ठेवलेली, तिच्या पायांचे चार खळगे ओसरीच्या मातीत तसेच. मला आत बसवेना, बाहेरही बसवेना. येरझाऱ्या घालत होते. मामीनं हाक मारली, म्हणाली, आता कुंकवाचं काम उरलं न्हाई, पण त्यो आरसा काढू का राहू देऊ, तूच सांग. मी उत्तर द्यायला आरशापाशी गेले. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर कधी उभी राहिले नव्हते, तिथं गेलं की मी खालीच बसायची. टाचा उंचावून वर पाहिलं. झुकलेल्या काचेत आधी कपाळ आलं, मग केस, आणि त्यांच्या मधोमध माझा भांग, वरून कुणी पाहावा तसा. थोडा पांढरा झालेला. मामीला म्हटलं, राहू दे. आणि कितीतरी वेळ तशीच चवड्यांवर उभी राहिले.